आधी तारीख, मग काम : अवाढव्य कंपनी विकत घेतल्यावर धोका नेमका कुठे असतो?

२० एप्रिल २०१८, शुक्रवार. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेनं त्या संध्याकाळी आपल्या ऑनलाइन सेवा बंद ठेवायला सुरुवात केली. शनिवार-रविवारात काम उरकायचं होतं. काम म्हणजे सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एका संगणक यंत्रणेवरून उचलून दुसरीवर नेऊन ठेवणं. टीएसबी पूर्वी लॉइड्स बँकसमूहाचा भाग होती. ती वेगळी झाली आणि २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेनं तिला १७० कोटी पौंडांना विकत घेतलं. मालक बदलला, पण खाती लॉइड्सच्याच यंत्रणेवर राहिली आणि त्या वापराचे पैसे दरवर्षी लॉइड्सला मोजावे लागत होते.

रविवारी संध्याकाळी नवी यंत्रणा उघडली आणि काही तासांतच बोजवारा उडाला. कुणाला लॉगिनच होईना, तर कुणाला भलत्याच माणसाचं खातं दिसू लागलं. फोन लागेनात, शाखांमध्ये लोक खोळंबले. १९ लाख ग्राहक स्वतःच्याच पैशांपर्यंत पोहोचू शकत नव्हते. सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. बँकेकडे २,२५,४९२ तक्रारी आल्या, सुमारे ३३ कोटी पौंडांचा भुर्दंड पडला, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना सप्टेंबरमध्ये पद सोडावं लागलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्याजोगी बाब ही, की खात्यांमधली माहिती नीट हलली होती. कोलमडली ती, जिच्यावर ही माहिती नेऊन ठेवली ती नवी यंत्रणा. ही यंत्रणा दोन डेटा सेंटरवर एकाच वेळी चालणार होती. भार पेलण्याची चाचणी मात्र दोनपैकी एकाच ठिकाणी झाली होती.

असं का झालं असावं? नंतर नेमलेल्या स्वतंत्र चौकशीनं एका सवयीवर बोट ठेवलं : उजवीकडून डावीकडे आखणी. वेळापत्रकाच्या उजव्या टोकाला शेवटची तारीख असते. सरळ पद्धत अशी, की कामं किती, कुठल्या कामाला किती दिवस, हे मोजत मोजत डावीकडून निघायचं आणि जिथे पोहोचू ती तारीख जाहीर करायची. इथे तारीख आधी ठरली आणि कामं तिच्या आत कोंबली गेली. ती मावेनात तेव्हा एकापाठोपाठ करायच्या चाचण्या एकाच वेळी सुरू केल्या गेल्या.

मोठ्या कंपन्या विकत घेतल्यानंतर जे बिघडतं, त्यातला बराचसा भाग मला या एका सवयीपाशी येऊन पोहोचताना दिसतो. म्हणून आधी ही तारीख येते कुठून, ते समजून घेऊ.

तारखेचा उगम

शेअर बाजारात ज्या कंपनीची किंमत १०० आहे, ती तिचे भागधारक १०० ला देत नाहीत. त्यांना वर काहीतरी मिळाल्याशिवाय ते शेअर सोडणार नाहीत. समजा सौदा १३० ला ठरला. हे वरचे ३० म्हणजे प्रीमियम. आता खरेदी करणाऱ्या कंपनीच्या भागधारकांचा साधा प्रश्न असतो : बाजारात १०० ला मिळणारी वस्तू तुम्ही १३० ला का घेतलीत?

उत्तर ठरलेलं असतं : सिनर्जी. म्हणजे दोन कंपन्या वेगवेगळ्या राहून जेवढं कमावतात, त्याहून एकत्र आल्यावर जास्त कमावतील. दोन मुख्यालयांऐवजी एक पुरेल, कच्चा माल एकत्र घेतल्यानं स्वस्त पडेल, हिचा माल तिच्या ग्राहकांना विकता येईल.

हिशेब मांडून बघू. गुंतवणूकदारांना आपल्या पैशावर वर्षाला १० टक्के परतावा हवा असेल, तर ३० चा प्रीमियम भरून निघायला दरवर्षी ३ ची जादा कमाई लागेल, तीही कर भरल्यानंतर आणि कायमची. २५ टक्के कर धरला तर करापूर्वी ४. ही बचत ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा सुरू झाली, तर आजच्या हिशेबानं ३० ची किंमत २५ च्या आसपास उतरते. आता दुसरी बाजू. विकत घेतलेल्या कंपनीची विक्री १०० आहे आणि खर्च वजा जाता त्यातले ४० हाती राहतात. गोंधळाला कंटाळून फक्त ५ टक्के विक्री दुसरीकडे गेली, तर वर्षाला २ गेले. म्हणजे मोठ्या कष्टानं मिळवायच्या ४ मधले निम्मे इथेच संपले. शिवाय एकत्रीकरणाचा स्वतःचा खर्च आहेच : सल्लागार, संगणक, नुकसानभरपाई, नव्या पाट्या.

हे गणित इतकं काठावरचं असल्यामुळे सौदा जाहीर होतो त्याच दिवशी एक वाक्य बाहेर पडतं : ‘अमुक वर्षांत वर्षाला तमुक अब्जांची बचत होईल.’ बाजार ते वाक्य लिहून ठेवतो. आणि ते बोललं कधी जातं बघा. खरेदीदारानं त्या कंपनीचं आतलं घर अजून पाहिलेलं नसतं. ड्यू डिलिजन्स, म्हणजे खरेदीपूर्वीची तपासणी, बऱ्याचदा काही आठवड्यांत उरकावी लागते आणि विकणारा जेवढं दाखवेल तेवढ्यावरच चालते. दोघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतील तर दरपत्रकं, ग्राहकांशी झालेले करार अशा नाजूक गोष्टी सरसकट दाखवायला स्पर्धा कायदा आडवा येतो. म्हणजे ज्यांना त्या कामातलं सर्वांत कमी माहीत आहे, त्यांनी, सर्वांत कमी माहीत असतानाच्या क्षणी, आकडाही जाहीर केला आणि तारीखही. खालची हजारो माणसं पुढची तीन वर्षं त्या तारखेला बांधलेली राहतात.

सही आणि ताबा यांच्यामधला काळ

सौदा जितका मोठा, तितक्या जास्त देशांच्या नियामकांची परवानगी लागते. डेलनं ईएमसी ही कंपनी ६७ अब्ज डॉलरना घेत असल्याचं ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर केलं, ताबा मिळाला सप्टेंबर २०१६ मध्ये. ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअरचा सौदा मे २०२२ मध्ये जाहीर केला, तो पुरा व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. तब्बल दीड वर्ष. या काळात कायद्यानुसार दोन्ही कंपन्या वेगळ्याच असतात. एकत्र दर ठरवणं, ग्राहक वाटून घेणं, दुसरीला हुकूम सोडणं हा गुन्हा ठरू शकतो.

त्या दीड वर्षात माणसांचं काय होतं, याची कल्पना करा. आपलं पद राहणार की जाणार, कुणालाच ठाऊक नाही. जुना साहेब निर्णय घेत नाही, कारण उद्या तो उलटवला जाईल. नव्या साहेबाला निर्णय घ्यायची मुभा नाही. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे विक्रेते मात्र रोज फोन करत असतात : ‘तुमच्या पुरवठादाराचं काही खरं नाही, आमच्याकडे या.’ सगळं काम भिजत घोंगडं होऊन पडतं.

यावर निघालेला एक चांगला उपाय म्हणजे ‘क्लीन टीम’. दोन्हीकडची ठरावीक माणसं आणि बाहेरचे सल्लागार एका वेगळ्या खोलीत बसतात, नाजूक माहिती फक्त तेच पाहतात आणि ताबा मिळाल्याच्या दिवसापासून काय करायचं, ते आधी ठरवून ठेवतात. सौदा मोडला तर या लोकांना काही काळ जुन्या खुर्चीवर परतता येत नाही. एचपी आणि कॉम्पॅक यांनी २००१-०२ मध्ये हे फार चिकाटीनं केलं. त्यांचा नियम होता ‘ॲडॉप्ट अँड गो’ : दोघांकडे एकाच प्रकारचं उत्पादन किंवा यंत्रणा असेल तर एक निवडा, दुसरी बंद करा, पुढे चला. दोन्हींचं चांगलं चांगलं घेऊन तिसरंच काही बनवायच्या फंदात पडू नका. तो सौदा मुळात करावा की नाही यावर बरीच वर्षं वाद झाले. पण जोडकामाच्या बाबतीत मला त्यांचा नियम अजूनही पटतो. ‘दोन्हींतलं उत्तम’ ऐकायला समजूतदार वाटतं, प्रत्यक्षात ते तिसरं बांधकाम असतं आणि त्याला वेळ कुणीच दिलेला नसतो.

लाल टोपी, हिरवी टोपी

पेनसिल्व्हेनिया रेलरोड आणि न्यूयॉर्क सेंट्रल या अमेरिकेतल्या दोन बड्या रेल्वे कंपन्या. शंभर वर्षांचं हाडवैर. १ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांची मिळून पेन सेंट्रल झाली. अडीच वर्षंही उलटली नाहीत, २१ जून १९७० रोजी तिनं दिवाळखोरी जाहीर केली. तोपर्यंतची ती अमेरिकेतली सर्वांत मोठी दिवाळखोरी होती. दुखणी बरीच होती : रस्त्यांनी पळवलेली मालवाहतूक, तोट्यातल्या प्रवासी गाड्या, जाचक नियमन. पण एकत्रीकरणानं त्यात तेल ओतलं. आतल्या आत दोन गट पडले. एकीकडची माणसं ‘लाल’, दुसरीकडची ‘हिरवी’. दोघांच्या संगणक यंत्रणा जुळेनात. मालडबा एकीकडे आणि त्याचे कागद भलतीकडे, असे प्रकार रोजचे झाले. कागद नसलेला डबा कुठे न्यायचा ते यार्डातल्या माणसाला कळायचं कसं?

माणसांच्या भांडणाला आपण ‘संस्कृतीचा फरक’ असं गुळगुळीत नाव देतो आणि मग सहलीला नेऊन, भाषणं ठेवून ते मिटेल असं मानतो. बहुतेक वेळा घोडं कुठल्यातरी ठोस गोष्टीपाशी अडलेलं असतं : पगार, पद, सेवाज्येष्ठता. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या २००७ मध्ये एकत्र आल्या. कागदावर कंपनी एक झाली. पण वैमानिकांचे पगार, भत्ते, उड्डाणाच्या तासांचे नियम आणि बढतीची रांग वेगळीच राहिली. रांग एकत्र करायची म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी मागे जाणार, आणि वैमानिकाच्या आयुष्यात सेवाज्येष्ठता म्हणजे कमांडरपद कधी मिळणार, कुठलं विमान मिळणार, सगळंच. हा गुंता सोडवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली ती २०११ मध्ये, विलीनीकरणानंतर चार वर्षांनी. तिचा अहवाल आल्यावरही, २०१२ च्या मे महिन्यात, नव्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण कुणाला द्यायचं यावरून जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला. तो ५८ दिवस चालला.

यातून एक गोष्ट उघड होते. अवघड वाटाघाट पुढे ढकलली की ती सुटत नाही, तिच्यावर व्याज चढत जातं. कोण कुणाच्या हाताखाली, हे पहिल्या काही आठवड्यांत सांगणं क्रूर वाटतं. वर्षभर न सांगणं त्याहून क्रूर असतं. आणि त्या वर्षात सोडून जातात ती नेमकी ज्यांना बाहेर लगेच नोकरी मिळते अशी माणसं.

‘शेरा’ नावाचा रकाना

इथे मी स्वतः पाहिलेलं थोडं सांगते. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या खरेदीनंतर दोन कंपन्यांच्या ग्राहक-याद्या एकत्र करण्याच्या कामात मी होते. बाहेरून हे काम कारकुनी वाटतं. दोन याद्या, एकाखाली एक जोडायच्या, दुबार नावं काढून टाकायची.

पहिलाच प्रश्न निघाला : ग्राहक म्हणजे कोण? एका कंपनीत बारा गोदामं असलेला ग्राहक म्हणजे बारा ओळी, कारण प्रत्येक गोदामाचं बिल वेगळं जायचं. दुसरीत तोच ग्राहक म्हणजे एक ओळ आणि खाली बारा पत्ते. बारा ओळींना बारा वेगवेगळ्या उधारीच्या मर्यादा होत्या. आम्ही त्या ओळी ‘दुबार’ म्हणून एकत्र केल्या, आणि मर्यादा पहिल्या ओळीची तेवढी उरली. सोमवारी सकाळी त्या ग्राहकाच्या ऑर्डरी अडकल्या, कारण यंत्रणेच्या दृष्टीनं त्याची उधारी केव्हाच भरली होती. तो सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक होता.

ते दोन दिवसांत सुधारलं. दुसरी गोष्ट सुधारता आली नाही. जुन्या यंत्रणेत ‘शेरा’ असा मोकळा रकाना होता. विक्री विभागातल्या एक बाई वर्षानुवर्षं त्यात लिहीत आल्या होत्या : ‘आधी फोन करावा, मगच गाडी सोडावी.’ ‘२५ तारखेनंतर बिल नको.’ ‘दर जुन्या पत्राप्रमाणे.’ नव्या यंत्रणेत हा रकाना नव्हता, म्हणून तो आम्ही मागे सोडला. पत्र कुठलं, ते फक्त त्या बाईंना ठाऊक होतं. आणि त्या दोन महिन्यांपूर्वीच स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेल्या होत्या. मनुष्यबळ कपातीची तारीख माहिती हलवण्याच्या तारखेच्या आधीची होती. दोन्ही तारखा वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या लोकांनी ठरवल्या होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून कुणीच पाहिल्या नाहीत. मीही नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

सिनर्जीच्या तक्त्यात त्या बाईंचा पगार बचत म्हणून दिसत होता. त्यांना काय काय माहीत होतं, त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. कंपनी म्हणजे इमारती, यंत्रं आणि करार असं आपण धरून चालतो. पण रोजचं काम ज्यावर चालतं ते ज्ञान बऱ्याचदा कुठेच लिहिलेलं नसतं, किंवा अशा एखाद्या शेऱ्यात असतं.

संगणकांच्या बाबतीत दुसरा धोका अगदी उलट्या बाजूचा आहे. काय सुटलं याचा नव्हे, तर नको ते काय सोबत आलं याचा. मॅरियटनं २०१६ मध्ये स्टारवुड ही हॉटेल कंपनी सुमारे १३ अब्ज डॉलरना घेतली. स्टारवुडच्या आरक्षण यंत्रणेत हल्लेखोर २०१४ पासून शिरून बसले होते. खरेदीच्या वेळी ते कळलं नाही. ती जुनी यंत्रणा पुढेही वापरात राहिली, आणि घुसखोरी ध्यानात आली सप्टेंबर २०१८ मध्ये. पाहुण्यांच्या कोट्यवधी नोंदी आणि पन्नास लाखांहून जास्त पासपोर्ट क्रमांक, तेही सांकेतिक रूपात न झाकलेले, हल्लेखोरांच्या हाती लागले असावेत असं कंपनीला जाहीर करावं लागलं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड केला तो मॅरियटला. घर घेतलं की त्यात आधीपासून लपलेला चोरही आपलाच होतो.

म्हणजे घाई केली तर टीएसबी होतं आणि जुनी यंत्रणा तशीच चालू ठेवली तर मॅरियट. मग करायचं काय? माझं मत असं : यंत्रणा एकत्र करायला लागेल तितका वेळ घ्यावा, पण जे जुनं मागे चालू राहणार आहे त्याची कसून तपासणी पहिल्याच महिन्यात करावी. या दोन कामांना एकच वेळापत्रक लावायचं काही कारण नाही.

ह्यूस्टनमध्ये अडकलेल्या गाड्या

एका जागचा बिघाड सगळ्या जाळ्यात कसा पसरतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. युनियन पॅसिफिक रेल्वेनं सप्टेंबर १९९६ मध्ये सदर्न पॅसिफिक ताब्यात घेतली. सदर्न पॅसिफिकची आर्थिक स्थिती नाजूक होती, इंजिनं जुनी होती. तरी तिची माणसं टेक्सासमधल्या ह्यूस्टन परिसरातल्या रेल्वेमार्गांचं जंजाळ कसंबसं चालवत होती. रसायन कारखान्यांच्या त्या पट्ट्यात डब्यांची वर्गवारी करायचं मोठं यार्ड होतं एंगलवूड.

१९९७ च्या उन्हाळ्यात एंगलवूड तुंबलं. यार्डात जागा नाही म्हणून येणाऱ्या गाड्या बाहेर बाजूच्या रुळांवर उभ्या केल्या. ते बाजूचे रूळ असतात समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला. तेच भरल्यावर समोरच्या गाड्याही थांबल्या. उभ्या गाडीतलं इंजिनही अडकून पडतं, त्यामुळे दुसरीकडे इंजिनं कमी पडू लागली. कायद्यानं चालकांना बारा तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. गाडी जागची हलली नाही तरी त्यांचे तास संपतात, मग दुसरे चालक पाठवा. तेही थोड्याच दिवसांत पुरेनात. ह्यूस्टनची कोंडी बघता बघता पश्चिम अमेरिकेत पसरली. कारखान्यांना कच्चा माल मिळेना, धान्य गोदामांबाहेर पडून राहिलं. अखेर ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी वाहतूक नियामकाला आणीबाणीचा आदेश काढून दुसऱ्या रेल्वे कंपन्यांना मदतीला उतरवावं लागलं.

यातला धडा रिकाम्या जागेचा आहे. यार्ड जवळपास भरलेलं चालतं तेव्हा काम कार्यक्षम दिसतं. रिकामी जागा, जादा इंजिन, जादा माणूस हे हिशेबनिसाला वाया गेलेलं दिसतं, आणि एकत्रीकरणात पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते. पण नेमक्या याच काळात चुका जास्त होणार असतात, आणि चुका पचवायला रिकामी जागाच लागते.

ताळेबंदातली जखम

काही धोके कामकाजातले नसून कागदावरचे असतात. त्यावर थोडक्यात.

१३० ला घेतलेल्या कंपनीची मोजता येणारी मालमत्ता, देणी वजा करून, ७० भरली तर उरलेले ६० ताळेबंदात ‘गुडविल’ म्हणून मांडतात. अपेक्षा फसल्या की हा आकडा कमी करून तोटा दाखवावा लागतो. एओएल ही इंटरनेट कंपनी आणि टाइम वॉर्नर ही माध्यम कंपनी यांचं विलीनीकरण जानेवारी २००० मध्ये जाहीर झालं, इंटरनेट कंपन्यांचे भाव आभाळाला भिडलेले असताना. २००२ या एका वर्षात त्या कंपनीनं ९८.७ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला, आणि त्यातला फार मोठा वाटा हे गुडविल उतरवल्याचा होता. स्प्रिंटनं २००५ मध्ये नेक्सटेल घेतली. दोघांची मोबाइल जाळी वेगळ्या तंत्रज्ञानाची होती, एकीचा फोन दुसरीवर चालत नसे. ही अडचण सौद्याआधीही माहीत होती. २००८ च्या सुरुवातीला जवळपास ३० अब्ज डॉलर पुसून टाकावे लागले आणि नेक्सटेलचं जुनं जाळं बंद व्हायला २०१३ साल यावं लागलं.

जुने खटलेही सोबत येतात. बायरनं तणनाशक बनवणाऱ्या मोन्सँटो या कंपनीचा सुमारे ६३ अब्ज डॉलरचा सौदा जून २०१८ मध्ये पूर्ण केला. दोनच महिन्यांत कॅलिफोर्नियाच्या एका ज्यूरीनं तणनाशकाच्या खटल्यात २८.९ कोटी डॉलरचा निकाल दिला. ती रक्कम पुढे कमी झाली, पण खटल्यांची रांग लागली आणि २०२० मध्ये बायरला १०.९ अब्ज डॉलरपर्यंतच्या तडजोडी जाहीर कराव्या लागल्या. मोन्सँटो हे नाव बायरनं टाकून दिलं होतं, जबाबदारी टाकता आली नाही.

बाहेरून बघणाऱ्याला, मग तो भागधारक असो, कर्मचारी असो की ग्राहक, यातलं काय दिसू शकतं? बचतीचा आकडा सगळे बघतात. मी आधी बघते ते ‘एकवेळचा एकत्रीकरण खर्च’. एकवेळचा खर्च सलग चौथ्या वर्षी दिसला तर काम अडलंय. मग विकत घेतलेल्या कंपनीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले किती जण टिकले, ते. रिटेन्शन बोनस, म्हणजे थांबण्यासाठी दिलेले पैसे, ज्या महिन्यात हाती पडतात त्याच्या पुढच्याच महिन्यात किती राजीनामे येतात ते कळलं तर फारच उत्तम. आणि सर्वांत महत्त्वाचं, जाहीर केलेली तारीख कंपनीनं कधी पुढे ढकलली का. बाजार अशा बातमीवर शेअर पाडतो. मला ती बहुतेक वेळा चांगली बातमी वाटते. कुणीतरी खालून वर सांगितलं की हे झेपत नाही, आणि वरच्यानं ते ऐकलं, असा तिचा अर्थ असू शकतो.

रेल्वेच्या गोष्टीला पुढचा भाग आहे. ह्यूस्टन आणि त्यानंतरच्या काही कटू अनुभवांनंतर अमेरिकेच्या नियामकानं २००१ मध्ये मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या विलीनीकरणाचे नियम बदलले. आता अर्जासोबतच ‘सेवा हमी योजना’ द्यावी लागते. गाड्यांचं संचालन कसं एकत्र करणार, यार्डं कशी चालवणार, संगणक यंत्रणा कधी आणि कशा जोडणार, माणसं किती लागतील, त्यांचं प्रशिक्षण कसं होईल आणि सेवा विस्कळित झालीच तर पर्यायी व्यवस्था काय, हे सगळं लेखी. जुलै २०२५ मध्ये त्याच युनियन पॅसिफिकनं नॉरफोक सदर्न ही कंपनी घेण्याचा सौदा जाहीर केला, सुमारे ८५ अब्ज डॉलरचा. पेन सेंट्रल बुडाल्यावर तिचे मार्ग आधी सरकारी पुढाकारानं उभ्या केलेल्या कॉनरेलकडे गेले, आणि जुन्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा बराचसा मुख्य मार्ग १९९९ पासून याच नॉरफोक सदर्नकडे आहे. यावेळी यार्डांचा, संगणकांचा आणि माणसांचा हिशेब ताबा मिळण्याआधी मांडावा लागणार आहे.